जुनी मोठी फोर-बाय-फोर घेताय? डिझेल की पेट्रोल, ते असं ठरवा

कापसाचा चुकारा हातात आला, तूर विकली गेली, की दरवर्षी दोन-चार जण मोबाईल घेऊन माझ्याकडे येतात. मोबाईलमध्ये फोटो असतो लँड रोव्हर डिस्कव्हरीचा, टोयोटा प्राडोचा, कधी रेंज रोव्हरचा. गाडी पंधरा वर्षं जुनी, पण दिसायला अजून राजेशाही, आणि भाव एखाद्या नव्या छोट्या गाडीएवढा. प्रश्न ठरलेला असतो. "भाऊ, यातली डिझेल घेऊ का पेट्रोल?"

मी हिंगणघाट तालुक्यात राहतो, शेती करतो आणि बरीच वर्षं अशा जुन्या गाड्या वापरतो आहे. पहिल्यांदाच अशी गाडी घेणाऱ्याला मी जे सांगतो, ते इथे क्रमानं मांडतो. मुंबई-पुण्याचा सल्ला आपल्याकडे विदर्भात जसाच्या तसा लागू पडत नाही. तिथे कंपनीचं वर्कशॉप दहा किलोमीटरवर असतं. सिरोंच्याच्या माणसाला नागपूर गाठायचं तर तीनशे किलोमीटरच्या वर जावं लागतं, तेही बंद गाडी टोचन करून.

आधी महिन्याचे किलोमीटर लिहून काढा

अंदाज नको, वही घ्या. सध्याच्या गाडीचं मागच्या तीन महिन्यांचं रीडिंग बघा. हिशेबापुरतं पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये लिटर धरू. अडीच टनांची जुनी डिझेल गाडी आपल्या रस्त्यांवर ८ चं ॲव्हरेज देईल, मोठं पेट्रोल इंजिन ५ चं.

महिन्याला १,५०० किलोमीटर होत असतील तर डिझेलचा खर्च १७,२५० रुपये आणि पेट्रोलचा ३१,५००. वर्षाला फरक पडतो १,७१,००० रुपयांचा. पण महिन्याला ३०० किलोमीटरच होत असतील, म्हणजे आठवड्याचा बाजार, लग्नकार्य आणि कधीमधी ताडोबा, तर वर्षाचा फरक ३४,२०० रुपयांवर येतो. डिझेलचे इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे नोजल, एकदा गेले की यापेक्षा कितीतरी जास्त पैसे एका दिवसात जातात. म्हणून कमी फिरणाऱ्यानं "डिझेल स्वस्त पडतं" हे गृहीत धरू नये. माझ्या मते महिन्याला हजार किलोमीटरच्या खाली असाल तर पेट्रोलचा विचार मनापासून करा.

छोट्या-छोट्या फेऱ्यांचाही यात संबंध आहे. घर ते वावर तीन किलोमीटर आणि परत, एवढंच चालणारं डिझेल इंजिन पुरतं तापतच नाही. ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप, आणि इनटेक, म्हणजे हवा आत जाण्याची वाट, यांत काजळी साचत जाते. गाडीला डीपीएफ असेल, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारी जाळी, तर ती लवकर चोक होते. ती जाळी साफ व्हायला गाडी सलग वेगात चालावी लागते. समृद्धीवर महिन्यातून एक-दोनदा जाणाऱ्याला ही अडचण येत नाही.

मग इंजिनाचा भाऊबंद शोधा

माझ्या दृष्टीनं ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि नेमकी हीच कोणी करत नाही. गाडीचं नाव कितीही मोठं असो, तिच्या बॉनेटखालचं इंजिन आपल्या तालुक्यात दुसऱ्या कुठल्या गाडीत फिरतं का, ते बघायचं.

प्राडोचं उदाहरण घ्या. जुन्या १२० मालिकेच्या प्राडोत जे ३.० लिटर डिझेल इंजिन आहे (१केडी-एफटीव्ही), त्याच घराण्यातलं इंजिन आपल्याकडच्या २००९ ते २०१६ च्या फॉर्च्युनरमध्ये आहे. फॉर्च्युनर तर आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. पुढाऱ्यांकडे, ठेकेदारांकडे, जिनिंगवाल्यांकडे. त्यामुळे या इंजिनाचा आवाज ओळखणारा मिस्त्री यवतमाळलाही भेटतो आणि अकोल्यालाही. बेल्ट, फिल्टर, पंपाची बरीच कामं नागपूरच्या बाहेरही होतात. हे इंजिन निर्दोष आहे असं नाही. इंजेक्टरच्या बुडाशी असलेलं सील गळू लागलं तर काजळी ऑइलमध्ये उतरते आणि खाली ऑइल ओढणारी जाळी चोक करते. ऑइलचा दाब पडला की बेअरिंग खाल्ली जातात. पण हा आजार माहीत असलेला माणूस जवळ आहे, यातच निम्मं काम झालं. याचा टायमिंग बेल्ट साधारण १,५०,००० किलोमीटरला बदलतात आणि वेळ झाली की मीटरमध्ये दिवाही लागतो. दिवा विझवून गाडी विकणारेही असतात, म्हणून बेल्ट बदलल्याचं बिल मागा.

मित्सुबिशी पजेरोचं २.८ लिटर डिझेल हे त्याहून जुन्या वळणाचं. यात कॉमन रेलच नाही, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना मोठ्या दाबानं डिझेल पुरवणारी सामाईक नळी नाही. टायमिंगला बेल्टऐवजी चेन आहे आणि पंप-नोजलचं काम जुन्या पद्धतीनं करणाऱ्या कोणत्याही डिझेल मिस्त्रीला ते समजतं. पिकअप मंद आहे, पण मेळघाटात रोज चढ-उतार करणाऱ्याला मी ती गाडी आनंदानं सुचवीन. हेड तेवढं तपासून घ्या. गरम झालेली असेल तर हेडला तडा गेलेला असू शकतो.

डिस्कव्हरी ३ आणि ४, रेंज रोव्हर स्पोर्ट यांतल्या व्ही-६ डिझेलची गोष्ट वेगळी. चालवायला ते इंजिन फार सुरेख आहे. पण क्रँकशाफ्टची बेअरिंग फिरून क्रँक तुटल्याच्या तक्रारी या २.७ आणि ३.० लिटर इंजिनांबद्दल जगभर आहेत. याला बेल्टही दोन असतात, एक पुढे आणि एक मागे डिझेल पंपाचा. मागचा विसरला जातो. इंजिनाची मोठी कामं करायची तर बरेच मिस्त्री अख्खी बॉडी चेसिसवरून उचलून घेतात. ती सोय तुमच्या जिल्ह्यात कुठे आहे, हे गाडी घेण्याआधी विचारा, नंतर नाही. ऑइल दर सात-आठ हजार किलोमीटरला बदलल्याच्या पावत्या नसतील तर मी ती गाडी सोडून देतो.

आता पेट्रोल. प्राडोचं ४.० लिटर व्ही-६ मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. टर्बो नाही, हाय-प्रेशर इंजेक्टर नाहीत, टायमिंगला चेन. लँड क्रूझर १०० चं ४.७ लिटर व्ही-८ सुद्धा दीर्घायुषी म्हणून नावाजलेलं आहे, फक्त त्याला बेल्ट आहे. डिस्कव्हरी ३ चं ४.४ व्ही-८ साधं आणि दणकट, पण त्याचे भाऊबंद आपल्याकडे जवळपास नाहीत, म्हणजे प्रत्येक सेन्सर मागवावा लागणार. त्याच घराण्यातल्या पुढच्या ५.० लिटरमध्ये, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांत, चेन टेन्शनर आणि गाइडची तक्रार आहे. थंड इंजिन सुरू करताच पुढून खडखड ऐकू आली तर चेनचीच तक्रार समजा.

चिखलाचा हिशेब

पावसाळ्यात पांदण रस्त्याची काळी माती टायरला अशी चिकटते की दहा पावलांत टायर गुळगुळीत होतो. इथे हॉर्सपॉवरपेक्षा कमी आरपीएमवर, म्हणजे इंजिन सावकाश फिरत असताना, मिळणारा टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याची ओढ, कामाला येतो. एकाच गाडीची दोन इंजिनं बघा. डिस्कव्हरी ३ चं २.७ डिझेल जेमतेम १९० हॉर्सपॉवरचं, पण ४४० न्यूटन-मीटर टॉर्क देतं, तोही १,९०० आरपीएमवर. ४.४ पेट्रोल तीनशेच्या जवळ हॉर्सपॉवरचं, तरी टॉर्क ४२५, आणि तो यायला ४,००० आरपीएम लागतात. चिखलात चार हजारावर इंजिन नेलं तर चाकं नुसती गरगरतात आणि गाडी स्वतःसाठी खड्डा खणते. लो रेशो, म्हणजे फोर-बाय-फोरचा हळू पण जास्त ओढीचा गिअर, टाकला की पेट्रोलचीही उणीव बरीच भरून निघते, पण वावरातून कापसाची ट्रॉली ओढायची, धुऱ्यावरून सावकाश उतरायचं, तर डिझेल हातात जास्त बसतं.

नाल्याच्या पाण्याबद्दल मात्र डिझेलवाल्यांचा एक गैरसमज काढून टाकायचा आहे. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, म्हणून ते पाण्यात बंद पडत नाही, असं लोक म्हणतात. प्लग-कॉइल भिजण्याचा त्रास नाही, हे खरं. पण हवेच्या पाइपातून पाणी आत गेलं तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन जास्त, म्हणून नुकसानही मोठं. डिस्कव्हरी ३ ची पाण्यात जाण्याची मर्यादा ७०० मिलिमीटर आहे, तीही संथ पाण्यात, आणि वाहत्या पाण्याला हा आकडा लागूच होत नाही. भामरागडची पर्लकोटा दरवर्षी पूल बुडवते, तिथे कोणतीही गाडी घालू नका. जीवापुढे गाडी काहीच नाही.

टाकीत काय जाणार?

तीन वर्षांपूर्वी ऐन पेरणीत माझ्या डिझेल गाडीची टाकी रिकामी झाली. पंप लांब होता आणि गोठ्यात ट्रॅक्टरसाठीचा ड्रम होता. वीस लिटर त्यातलं ओतलं. चाळीसेक किलोमीटरवर गाडी अडखळायला लागली, मग धूर, मग बंद. नागपूरच्या पंप-नोजलवाल्यानं इंजेक्टर उघडून टोक पांढऱ्या कापडावर पुसलं. कापडावर गंजाचा तांबूस डाग उमटला. ड्रमच्या तळाला पाणी होतं, वरचं झाकण सैल होतं, आणि पहिल्या पावसाची हवा महिनाभर त्यात शिरत होती. तो म्हणाला, "भाऊ, ट्रॅक्टर काहीही पेते, हिले मात्र गाळूनच द्या लागते." चारही इंजेक्टर आणि पंप, त्या बिलात चांगली बैलजोडी आली असती.

कारण समजून घ्या. आपल्या टायरमध्ये हवा दोन-अडीच बार असते. कॉमन रेल डिझेलमध्ये इंधनाचा दाब हजार बारच्या वर, जोरात असताना १,६०० च्या आसपास आणि काही इंजिनांत त्याहून जास्त जातो. नोजलची भोकं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासची. तिथे पाण्याचा थेंबही खपत नाही. म्हणून ज्याच्या घरी ड्रममधलंच डिझेल वापरलं जाणार, ज्याचा सालदार किंवा भाचा कधीही टाकी भरू शकतो, त्यानं कॉमन रेल गाडी घेताना दहादा विचार करावा. घेतलीच तर टाकीच्या झाकणावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि फिल्टरखालचं पाणी पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी सोडा.

पेट्रोलवाल्यांची काळजी वेगळी. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घसरतं. त्याहून मोठी गोष्ट रबराची. २००५-१० च्या गाड्यांचे पाइप, सील, पंपाचे भाग इतक्या इथेनॉलसाठी बनलेले नाहीत. आणि इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. दोन-दोन महिने गोठ्याशेजारी उभी राहणारी पेट्रोल गाडी असेल तर टाकी अर्धी ठेवू नका आणि आठवड्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटर फिरवा. घेतानाच इंधनाचे रबरी पाइप हातानं दाबून बघा. फुगलेले, चिकट किंवा तडकलेले असतील तर सगळे बदलण्याचा खर्च भावातून कापून घ्या.

उन्हाळा

मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला ४६-४७ अंशांवर जातात. युरोपच्या हवामानात वाढलेल्या गाडीची खरी परीक्षा इथे होते. मोठं पेट्रोल इंजिन जास्त इंधन जाळतं, म्हणजे रेडिएटरला जास्त उष्णता फेकावी लागते, आणि जुन्या गाडीत वाटेतले प्लॅस्टिकचे भाग कडक झालेले असतात. २००३ ते २००६ च्या पोर्शे कायेन व्ही-८ मध्ये इनटेकच्या खालून जाणारे प्लॅस्टिकचे कूलंट पाइप तडकतात, हे जगभर माहीत आहे. अशा गाडीत ते ॲल्युमिनियमचे बसवलेत का, ते विचाराच.

आणखी दोन खास आपल्याकडच्या गोष्टी. एक, रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरच्या मधली फट. जिनिंगच्या हंगामात रस्त्यावर उडणारा कापूस, सोयाबीनचं कुटार, गवताची कुसळं तिथे जाऊन बसतात. मी एका गाडीचा कंडेन्सर पुढे ओढून बघितला तर मध्ये बोटभर जाडीचा नमदा तयार झाला होता, बोटांनी सोलून काढता येईल असा. बाहेरून जाळी मात्र स्वच्छ दिसत होती. दुसरी गोष्ट पाण्याची. अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका, अडीअडचणीलाही नको. त्यातल्या क्षारांचा थर बारीक वाटा बंद करतो आणि ॲल्युमिनियमचं इंजिन खातो. मालकानं कॅप उघडल्यावर आत पांढरट खापरी दिसली तर पेट्रोल असो वा डिझेल, तिथून निघा.

गाडी बघायला जाल तेव्हा

सकाळी लवकर जा आणि विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या.

डिझेल असेल तर थंड इंजिन सुरू करताना सायलेन्सरजवळ कोणाला तरी उभं करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतं. पांढरा धूर थांबतच नसेल तर इंजेक्टर तरी किंवा कूलंट आत जातंय. जोर दिल्यावर काळा ढग निघत असेल तर टर्बोचा पाइप फाटलेला असू शकतो. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढून उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर चालेल, उडून पडलं तर रिंगा गेल्या. पंप-नोजलवाल्याला सोबत न्या आणि इंजेक्टरला बाटल्या लावून रिटर्नचं डिझेल मोजायला सांगा. एका बाटलीत बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त साचलं की तो इंजेक्टर घसलेला.

पेट्रोल असेल तर सगळे प्लग काढून रांगेत ठेवा आणि प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडा किती, यापेक्षा सगळे एकसारखे आहेत का, हे महत्त्वाचं. प्लगच्या विहिरीत ऑइल असेल तर झाकणाचं गॅस्केट गेलंय, ते काम मोठं नाही.

मग दुपारची परीक्षा. गाडी उन्हात उभी करा, एसी पूर्ण, इंजिन चालू, अर्धा तास. मीटरच्या काट्यावर विसंबू नका, बऱ्याच गाड्यांत तो बराच वेळ मध्येच उभा राहील असा बसवलेला असतो. स्कॅनर लावून कूलंटचं खरं तापमान बघा. ते हळूहळू चढतच राहिलं, पंखा जोरात फिरूनही उतरलं नाही, तर भाव करायला बसूच नका. वायरिंगही बघा. उंदरांनी कुरतडलेली वायर गावाकडच्या उभ्या गाड्यांत नेहमी सापडते.

कागद

स्वस्त डिझेल गाड्या बऱ्याचदा दिल्लीकडून येतात. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादानं २०१४-१५ मध्ये बंदी घातली आणि सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये ती उचलून धरली; २०२५ मध्ये कोर्टानंच कारवाईला काही सूट दिली. म्हणून डिझेलचा भाव तिकडे लवकर पडतो. आपल्याकडे ती बंदी नाही, पण एनओसी, म्हणजे तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्यानं भरावा लागतो हे विसरू नका. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या नव्या खासगी गाडीला पेट्रोलसाठी १३ टक्के आणि डिझेलसाठी १५ टक्के दर आहे. जुन्या गाडीला वयानुसार कमी होतो, तरी मूळ किंमतच मोठी असल्यानं आकडा डोळ्यांत येतो.

पंधरा वर्षं झाली की पासिंग करून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवावी लागते. २०२२ पासून साध्या कारला त्याची फी ५,००० रुपये आहे, पण परदेशातून तयार आलेल्या गाडीला ४०,०००. २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी हे आकडे १०,००० आणि ८०,००० झाले. आरसीवर गाडी इम्पोर्टेड म्हणून नोंदली आहे का, हे एमएच-३२ असो की एमएच-३४, आपल्या आरटीओत आधी विचारून घ्या.

माझी निवड

रोजचं फिरणं जास्त, ट्रॉली ओढायची, पांदणीनं जायचं आणि डिझेल पंपावरूनच भरणार, तर ३.० डिझेलची प्राडो. महिन्याला तीन-चारशे किलोमीटर, बहुतेक डांबरी रस्ता, तर तिचीच ४.० पेट्रोल. व्ही-६ डिझेल डिस्कव्हरी फक्त त्यानं घ्यावी ज्याच्याकडे पावत्यांची पूर्ण फाइल आहे आणि मोठ्या कामासाठी बाजूला ठेवलेले पैसे आहेत. दोन गाड्यांत एक नीट सांभाळलेली पेट्रोल आणि दुसरी हयगयीनं वापरलेली डिझेल असेल, तर ॲव्हरेज विसरा आणि सांभाळलेली घ्या.

घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा) आणि दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल बदला, सगळे फिल्टर नवे टाका, कंडेन्सरच्या मागून पाण्याचा हलका फवारा मारा. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे कळत नसेल तर बदलूनच टाका, आणि तारीख व किलोमीटर एका कागदावर लिहून तो बॉनेटच्या आतून चिकटवा.